नरसिंगनं न विचारता सांगितलं

सेनगावच्या आसपासच्या गावांत नरसिंगला सगळे थंडीतापवाले म्हणत. हिवतापाच्या खात्यात तो नोकरीला होता. सायकलच्या कॅरिअरला खाकी पिशवी, पिशवीत सुया, काचपट्ट्या, स्पिरिटची बाटली, कापूस आणि कडूजहर पांढऱ्या गोळ्या. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक घरापुढं उभं राहायचं आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. घरात किती माणसं? कोणाला ताप आहे का? मागच्या खेपेनंतर कोणाला येऊन गेला का? पाहुणा आलाय का, घरातलं कोणी गावाला गेलंय का? ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा ठिपका घ्यायचा, गोळ्या आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून सही ठोकायची. काम एवढंच. पण ते तो देवपूजा केल्यासारखं करायचा, म्हणजे त्याच्या घरात देव नव्हते, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, तरी मनोभावे म्हणजे काय हे सांगायला दुसरा शब्द सापडत नाही.

मूळचा तो डोंगरकड्याचा. बाप सिद्धेश्वरच्या धरणावर माती वाहायला होता. पोरानं हिंगोलीला वसतिगृहात राहून मॅट्रिक काढलं आणि सरकारी नोकरी मिळवली, तेव्हा बापाला झालेला आनंद मोठा होता. माणूस सरळ. जेवढं आहे तेवढंच बोलायचं, कमी नाही, जास्त नाही. बायको पद्माबाई म्हणायची, "तुमच्याशी भांडाची बी सोय न्हाई. बोलल्याच्या मांगं काही असतच न्हाई." हे ती कौतुकानं म्हणते की वैतागून, हे त्याला कधी कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही, कारण त्याच्या मते तिला जे सांगायचं होतं ते ती बोलली होती.

सेनगावहून सायकलनं तासाभरावर तळणवाडी होती. शंभरेक घरांचं गाव, बहुतेक शेतकरी. तिथल्या जनकाबाईचं घर त्याच्या नेहमीच्या बसायच्या जागांपैकी एक. जनकाबाई विधवा, वयानं त्याच्या आईएवढी, घरातला सगळा कारभार तिच्या हातात. मुलगा उकंडराव शेती पाहायचा आणि सून सुमनबाई सासूसमोर बोलणार नाही इतकी गरीब. नरसिंग आला की ओट्याच्या कडेला पोतं अंथरलं जायचं आणि तिथं तो बसायचा. पाणी वरून ओंजळीत. चहा यायचा तो कानतुटक्या कपात, आणि तो कप नंतर त्यानंच विसळून गोठ्याच्या भिंतीवर पालथा घालायचा. पोत्याच्या पुढं यायचं नाही, असं त्याला त्या घरात कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नाही. पहिल्या दिवशी पोतं कुठं पडलं ते त्यानं पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. राग यायचा, गिळायचा. न बोललेलं ओळखण्यात तो लहानपणापासून तयार होता. तसं ओळखता आल्याशिवाय त्याच्यासारख्याला गावात फिरताच आलं नसतं.

एवढं असूनही जनकाबाईचा त्याच्यावर जीव होता. "नरसिंगा, तुझी पोरगी चालाया लागली का रे?" असं ती विचारायची. भाद्रपदात काकड्या द्यायची. जीव आणि पोतं या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच ओट्यावर नांदत होत्या, आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला काय वाटतं, ते असो.

मग ते आणीबाणीचं शहात्तर साल आलं. शेजारच्या गावात एका सकाळी जीप आली, शाळेपुढं उभी राहिली आणि शेताला निघालेल्या माणसांना त्यात बसवून घेऊन गेली. माणसं संध्याकाळी परत आली ती पाय फाकवून चालत. त्यात दोघं म्हातारे होते आणि एकाचं लग्नही व्हायचं होतं. ही बातमी एसटीच्याही आधी सगळीकडं पोचली.

त्यानंतरच्या खेपेला नरसिंग तळणवाडीला गेला. जनकाबाई ओट्यावर डाळ पाखडत होती. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "माय, घरात किती माणसं?"

जनकाबाईचं सूप थांबलं. "दोघीच हाव सायेब. मी अन् सून."

"अन् उकंडराव?"

"तो असतोय कुठं. कामाला गेलाय तिकडं, नांदेडकडं."

उकंडरावच्या चपला दारात होत्या. पण नरसिंगला खटकलं ते वेगळंच. जनकाबाई त्याला सायेब म्हणाली. इतक्या वर्षांत जो नरसिंगा होता तो एका पंधरवड्यात सायेब झाला, आणि हा मान नव्हता हे कळायला मॅट्रिक व्हायची गरज नव्हती. पुढच्या घरी दोन माणसं कमी, त्याच्या पुढच्या घरी चार. एका खेपेत गावातली निम्मी पुरुषमंडळी कागदावरून नाहीशी झाली. हायब्रीड ज्वारीच्या उभ्या पिकात मात्र ठिकठिकाणी बिड्यांचा धूर निघत होता.

प्रश्न तोच होता. शब्दही तेच, विचारणाराही तोच, सायकलही तीच. फक्त आता तो प्रश्न त्या जीपच्या मागून येत होता, आणि तळणवाडीला तो जीपमधूनच ऐकू येत होता.

नरसिंगला वाटलं, गैरसमज आहे तर बोलून दूर करावा. सरळ माणसाला दुसरं काय सुचणार? तो परत जनकाबाईच्या ओट्यापाशी गेला. चार बाया जमल्या होत्या. त्यानं हात जोडून सांगितलं, "माय, मी नसबंदीवाला न्हाई. माझा त्या कामाशी काडीचा संबंध न्हाई. मी तापाचाच माणूस हाव."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. तो समाधानानं सायकलवर बसला. ह्या समाधानाचा मला आजही राग येतो.

कारण त्याची सायकल नाल्यापार होईतो गावात एकच चर्चा सुरू झाली. याला इचारलं कोणी? इतकी वर्षं येऊन राहिला, कधी म्हणला का, मी चोर न्हाई? आजच काहून म्हणला? माणूस तोंड उघडतो ते काही कारण असतं म्हणून. ज्याच्या मनात काही नसतं त्याला सांगायची गरज काय?

आता तळणवाडीला खुळं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. खात्यातले साहेब तेच करायचे. पण तुम्हीआम्हीही दिवसभर हेच करतो. कोणी काही बोललं की आपण शब्द मोजून घेत नाही, हा हे आत्ता, मलाच, कशाला सांगतोय, हे आधी शोधतो, आणि जे उत्तर सगळ्यात लवकर जुळतं ते धरून बसतो. एरवी त्यावरच संसार चालतात. शेजारीण दारात येऊन नुसतं "आज दही लागलं न्हाई बाई" म्हणाली तर आपण तिला विरजण देतो, दह्याची चौकशी करीत बसत नाही. तळणवाडीनं तेच केलं. त्यांचा हिशेब बरोबर होता, उत्तर चुकलं होतं.

पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला. डबक्या-नाल्यांत पाणी साचून राहिलं आणि त्या साली हिवताप जो उसळला तसा नरसिंगनं नोकरीत कधी पाहिला नव्हता. शेजारच्या वाडीत एक पोटुशी बाई तापानं गेली. नरसिंग पंधरवड्याची वाट न पाहता दर चार-पाच दिवसांनी तळणवाडीला जाऊ लागला. हीसुद्धा त्याची चूकच ठरली. आधी कधी इतका येत नव्हता, आता काहून येऊन राहिला?

एकदा जनकाबाईच्या कुडावर त्याला गोधडी वाळत घातलेली दिसली. पुढच्या खेपेला पुन्हा तीच. भरपावसाळ्यात गोधड्या कोणी धूत नाही. थंडी वाजून ताप चढला, उतरताना घामानं अंथरूण भिजलं, की ती अशी बाहेर पडते, हे त्याला माहीत होतं. आणि सुमनबाई त्याला महिन्याभरात दिसली नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, ही गोष्ट उन्हाळ्यात जनकाबाईनंच त्याला मोठ्या हरखून सांगितली होती.

"माय, सुनेला ताप येऊन राहिला," तो म्हणाला. "गोधडी सांगून राहिली. पोटुशीला हा ताप वाईट. चार गोळ्या हायत. माझ्यासमोर घेऊ द्या."

जनकाबाईनं गोधडीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "आमच्या घरात कोणी आजारी न्हाई सायेब."

पुढच्या वेळी कुडावर गोधडी नव्हती. ताप गेला म्हणून नाही, ती घरातच वाळवायला लागले म्हणून. सरकारी माणूस आपल्या गोधड्या मोजतो, एवढंच त्या घराला त्याच्या बोलण्यातून कळलं. त्यात पोटुशी हा शब्द त्यानं उच्चारला होता. लेकरू होऊ न देणाऱ्यांचा माणूस लेकरू होणाऱ्या बाईला गोळ्या द्या म्हणतो, यातून जनकाबाईनं दुसरं काय समजावं?

नरसिंग चिडला. मग त्यानं शहाण्या माणसाचा उपाय केला. गावचे पोलीस पाटील शेषराव यांना गाठलं. शेषराव भला माणूस. त्यांनी मारुतीच्या पारावर चार माणसं बोलावून स्वच्छ सांगितलं, "नरसिंग आपलाच माणूस हाय. भिऊ नका. मी हमी देतो." लोकांनी मान हलवली. घरी जाता जाता एकमेकांना म्हणाले, पाटलाला बी यात घेतलेलं दिसतं. त्या दिवसापासून शेषरावांच्या ओट्यावर पान खायला यायचीही माणसं बंद झाली, आणि शेषराव नरसिंगवर घुश्श्यात बसले ते वेगळंच.

खात्यातही काही सुख नव्हतं. महिन्याच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांना बसवून घेतलं. माणसं पकडून आणा, असं ते म्हणाले नाहीत. प्रत्येकी नसबंदीची एक केस आणा, असंही स्पष्ट नाही. एवढंच म्हणाले, "यंदा आपल्या खात्याचं नाव खाली राहायला नको. आणि मला अडचणी सांगू नका." बैठक उठली तेव्हा झाडून सगळ्यांना कळलं होतं की काय आणायचं आहे. नंतर कोणी विचारलंच तर साहेब हात वर करून मोकळे होते, मी असं म्हणालोच नव्हतो. न बोलता नेमकं पोचवणं यांना जमतं आणि आपल्याला घसा कोरडा पाडूनही जमत नाही, हे नरसिंगच्या डोक्यात बसलं आणि कुरतडत राहिलं.

तळणवाडी पूर्ण चुकत नव्हती, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याच्या "माझा काडीचा संबंध न्हाई" या वाक्याखाली आता जमीन राहिली नव्हती. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. वाक्य खरं करायचा एकच रस्ता त्याला दिसला. तो हिंगोलीला गेला आणि त्यानं स्वतःचीच शस्त्रक्रिया करून घेतली. त्याला दोन मुली होत्या. पद्माबाईला आणखी एक मूल हवं होतं, मुलगा की मुलगी याचं तिला काही नव्हतं, घर भरलेलं हवं होतं. त्यानं घरी येऊन सांगितलं, "करून आलो. आता मला कोणाला पकडावं लागत न्हाई."

पद्माबाईनं भाकरीचा तवा पुसून खाली ठेवला. मग म्हणाली, "तळणवाडीसाठी केलं?"

"खरं बोलता यावं म्हणून केलं."

"मला न इचारता."

तिनं जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. तिनं काय सांगितलं ते या वेळी त्याला बरोबर कळलं.

आणि ते सगळं घेऊन तो तळणवाडीला गेला. दुखणं पुरतं गेलं नव्हतं, सायकल हातात धरून निम्मी वाट चालला. उकंडराव नेमका दारात सापडला. त्याला बघून तो पळायच्या बेतात होता. नरसिंग म्हणाला, "उकंडराव, थांबा. मी माझीच करून घेतली. माझ्या नावावरचं काम फिटलं. आता मला तुमची गरज न्हाई. बायकोला गोळ्या घेऊ द्या."

उकंडरावनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या चालण्याकडं तर फारच नीट पाहिलं. "तुमी करून घेतली?"

"व्हय."

"मंग आता आमाला सांगाया आलात की, तकलीफ होत न्हाई, आमी केली, तुमी बी करा." आणि तो मागच्या दारानं हायब्रीडमध्ये गेला.

नरसिंग ओट्यापाशी उभाच राहिला. त्याला हसावं की रडावं कळेना. एका वाक्याला वजन यावं म्हणून त्यानं आपल्या संसारातलं एक लेकरू घातलं होतं, आणि ते वाक्य वजनासकट त्याच्याच अंगावर पडलं होतं. खोटं बोललो असतो तर निदान एवढं झालं नसतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आतून, माजघरातून, कोणाचे तरी दात वाजल्याचा आवाज येत होता. जनकाबाईनं दार ओढून घेतलं.

त्यानंतर तो तळणवाडीला गेला तो बोलायचं नाही असं ठरवून. बोलण्यातला त्याचा जीवच गेला होता. घरोघर उभं राहायचं, भिंतीवर तारीख टाकायची, निघायचं. सकाळपासून त्याचं अंग मोडून आलं होतं. रात्री ताप येऊन गेल्यासारखं वाटत होतं, पण घरात पद्माबाईशी बोलणं धड नव्हतं, म्हणून तिलाही सांगितलं नाही. जनकाबाईच्या दारापर्यंत येईतो त्याला गारठा सुटला. बाहेर ऊन कडक, आणि हा गुडघे पोटाशी घेऊन ओट्यावरच कलंडला. पोतं अंथरलेलं नव्हतं. आपण कुठं पडलो याची त्याला शुद्ध नव्हती. दात एकमेकांवर आपटत होते, सगळं अंग उडत होतं. पिशवी उघडायला गेला तर बंद सुटेना. कशीबशी सुटली, गोळ्या हातात आल्या, त्यातल्या दोन मातीत पडल्या. उरलेल्या त्यानं कोरड्याच तोंडात टाकल्या आणि ठसका लागला.

दार उघडलं. जनकाबाई उंबऱ्यात उभी होती. तो काही म्हणाला नाही. म्हणायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली, एकदा आत, एकदा त्याच्याकडं. आत सुनेचं हेच चाललं होतं, अगदी असंच, आणि हे कोणाला सोंग म्हणून करता येत नाही हे तिला माहीत होतं. ह्यानं काही सांगितलं नव्हतं. त्यामुळं कशाला सांगतोय हे शोधायचंही काही उरलं नव्हतं.

ती तांब्या घेऊन आली आणि तिनं तो सरळ त्याच्या तोंडाला लावला. मग आतून सुनेच्या अंगावरची एक गोधडी आणून त्याच्यावर टाकली आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरली. गोळ्या खाली जाताना ती त्याच्या गळ्याकडं बघत होती.

कितीतरी वेळानं ताप चढला आणि थरथर थांबली. डोळे उघडले तेव्हा जनकाबाई त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "कशा देयाच्या ह्या?" तिनं विचारलं.

त्याला आवाज फुटत नव्हता. त्यानं चार बोटं दाखवली आणि तोंडाकडं नेली, मग जेवणाची खूण केली. ती आत गेली. भांड्याचा आवाज आला, सुमनबाईच्या ओकारीचा आवाज आला, "गीळ, गीळ माय, कडू हाय तरी गीळ," असं ऐकू आलं.

सुमनबाईचा ताप परत फिरून आला नाही. पुढं ती नीट बाळंतही झाली. पण ती नंतरची गोष्ट. त्या दिवशी नरसिंग ओट्यावर घामानं निथळत बसला होता आणि त्याच्या मनात आनंद बिलकूल नव्हता. इतके महिने तोंड वाजवलं, पाटील आणले, अंगावर सुरी फिरवून घेतली, बायकोचं मन मोडलं, आणि कामाला आले ते दात. माणसानं बोलायला शिकायचंच कशाला, असं त्याला वाटत होतं.

जनकाबाई बाहेर आली आणि त्याच्याजवळ टेकली. तिचा राग चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि तो खरा होता.

"हा असला ताप असतो, अन् त्याला ही गोळी चालती," ती म्हणाली. "पोरगी महिनाभर मरून राहिली माझी. तू दर चार दिवसाला येतोस, ओट्यापुढं हुबा राहतोस. मंग आधी सांगाला काय झालतं रे तुला?"